न उलगडलेलं फडकं

माझा धाकटा भाऊ गेलन बंदुका दुरुस्त करतो आणि सल्ले देतो. दुरुस्तीचे पैसे घेतो, सल्ला फुकट. मागितला नाही तरी देतो.

आमच्या बापाचा जुनियाटा नदीकाठी दुधाचा धंदा होता. गाई विकल्या तेव्हा दूध थंड करायची खोली रिकामी पडली, तिथंच पुढं गेलनने दुकान मांडलं. त्याआधी उभं आयुष्य शाळेच्या बसगाड्यांखाली उताणं पडून काढलं. लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "बायको आली की पाने आणि कानशी जागच्या जागी राहत नाहीत." माझा नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. त्याचे पाने अजून जागच्या जागी आहेत. जागेवर राहत नाही ती त्याची जीभ.

दुकानात गल्ल्यापुढे चार स्टुलं आहेत. सकाळी मी कॉफीचं मोठं भांडं ठेवते आणि रिकामटेकडे येऊन बसतात. त्यात मर्ल पहिला. हा पूर्वी पशुखाद्याच्या गिरणीत होता, आता दुसऱ्यांचे दोष काढणं हाच त्याचा धंदा. या मंडळींपुढे गेलनला चेव चढतो. त्यांच्यासमोर कुणी काही विचारलं की उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्याचं सगळ्यात लाडकं कीर्तन म्हणजे मूर्खाची रेघ. जुन्या पंचेचाळीसच्या, म्हणजे जाड गोळीच्या, पिस्तुलाला डाव्या अंगाला एक खिटी असते. पिस्तूल खोलून जोडताना ही खिटी नीट धरून बसवली नाही तर तिचं टोक सांगाड्यावर घासतं आणि एक वाकडी रेघ उमटते. ती पुन्हा जात नाही. संग्राहकांच्या लेखी अशा पिस्तुलाची निम्मी किंमत तिथंच गेली. "माणूस आंधळा असावा, बहिरा असावा, पण रेघाळ्या नसावा," असं गेलन म्हणायचा आणि स्टुलांवरची मंडळी माना डोलवायची.

मागच्या वर्षी मे महिन्यात डॉर्सी वर्ट्स दुकानात आला. डॉर्सी आमच्याच शाळेतला, गेलनच्या वर्गातला. दोन मैलांवर त्याचं शेत. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. त्याच्या डाव्या काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं आणि उजवा हात कोटाच्या खिशात. आत काय आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या बापाचं, रॉसचं पिस्तूल. रॉसने ते युद्धात वापरलं होतं आणि येताना घेऊन आला होता.

"गेलन, एक विचारायचं होतं," डॉर्सी म्हणाला. "बाबांच्या पिस्तुलाला ते बावीसचं किट घेतलं तर? म्हणजे, घेण्यात काही अर्थ आहे का?"

किट म्हणजे फार काही नाही. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, नळी आणि गोळ्या भरायचं मॅगझिन एवढं काढून ठेवायचं आणि किटमधलं चढवायचं. मग तेच पिस्तूल पंचेचाळीसच्या जाड गोळीऐवजी बावीसची बारकी गोळी मारतं. हाताला झटका नावाला. जुने भाग परत चढवले की पिस्तूल होतं तसं.

मर्लने कॉफीचा कप खाली ठेवला. "का रे? मोठ्या गोळ्या परवडेनात?"

"महाग झाल्यात ना," डॉर्सी म्हणाला.

"ऐका! वर्षातून पाच गोळ्या मारणार आणि त्यातही काटकसर! चमडी जाईल पण दमडी जाणार नाही या माणसाची!"

स्टुलं हसली. डॉर्सीही हसल्यासारखं करत होता. त्याने गाठोडं गल्ल्यावर ठेवलं आणि डाव्या हाताने गाठ सोडायला लागला. "बघतोस का जरा? बघून सांग."

गेलनने हात झटकला. "राहू दे, बांध ते. बघायचंय काय त्यात? युद्धातलं पिस्तूल, मूळचं, जसंच्या तसं. त्याला किट म्हणजे आजोबांना झबलं घालायचं! आणि चढवणार कोण, तू? पहिल्याच दिवशी मूर्खाची रेघ ओढशील. वाट लावशील बापाच्या पिस्तुलाची. मारायचं तर मर्दासारखं मार, नाहीतर भिंतीला टांगून ठेव."

"अरे, तो दाखवतोय तर बघ तरी आधी!" मी म्हणाले.

"नेडीन, तू कॉफी बघ."

डॉर्सीने सुटत आलेली गाठ दात लावून परत आवळली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, धडधाकट माणूस गाठ दातांनी कशाला आवळेल? पण मर्लचं खिदळणं चालू होतं. डॉर्सी म्हणाला, "बरं. तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल," आणि बाहेर गेला. त्याची गाडी बराच वेळ अंगणात नुसती उभी होती.

आता त्या पाच गोळ्यांचं सांगते. मे अखेरच्या सोमवारी, स्मृतिदिनाला, आमच्याकडे सकाळी सैनिकांच्या कबरींवर झेंडे लावतात आणि दुपारी नेमबाजी क्लबाच्या मैदानावर जमतात. ज्याच्याकडे गेलेल्या बापाची, आजाची बंदूक असेल त्याने तिच्यातून पाच गोळ्या मारायच्या. समोर लोखंडी ताट टांगलेलं असतं. ताट वाजलं की त्या बापाचं नाव मोठ्याने पुकारतात आणि सगळे टोप्या काढतात. ताट वाजलं नाही तर नाव नाही. पुकारायचं काम गेलनकडे, कारण आवाज त्याचाच मोठा.

इतरांचं नाव एखाद्या वर्षी राहिलं तर काही आभाळ कोसळत नाही, सकाळी कबरीवर झेंडा लागलेला असतो. पण रॉसची कबर गावात नाही. तो दूर कुठल्या शहरातल्या इस्पितळात वारला, तिथंच त्याला कुठंतरी पुरलं. डॉर्सीला झेंडा लावायला जागाच नव्हती. बापासाठी वर्षातून त्याला मिळायचं ते एवढंच, ताटाचा आवाज आणि गेलनच्या तोंडून "रॉस वर्ट्स."

त्या सोमवारी डॉर्सीने पंचेचाळीसची गोळी मारली. पिस्तुलाचं नाक आभाळाकडे गेलं आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, दारात कुत्र्याचा पाय सापडावा तसा. दुसरी गोळी ताटाच्या बऱ्याच अलीकडे मातीत गेली. तिसरी त्याने मारलीच नाही. पिस्तूल सावकाश रिकामं केलं, फडक्यात बांधलं आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून गाडीकडे निघाला.

"अरे, तीन उरल्या की! पुढच्या वर्षाला साठवतोस काय?" मर्ल ओरडला. लोक हसले.

गेलन पुकारायला पुढे झाला होता, तो तसाच उभा राहिला. त्या वर्षी रॉसचं नाव पुकारलं गेलं नाही.

घरी येताना मी गाडीत विचारलं, "त्याचं मनगट पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग?"

"जाईन गं. जाऊन येईन."

पण कुठला जातोय! आधी म्हणे गवत कापणी आहे, डॉर्सीला वेळ नसेल. मग म्हणे जत्रा होऊ दे. शरद सुरू झाला तसं लोकांनी हरणांच्या शिकारीच्या हंगामासाठी रायफली आणून टाकल्या. टेबलावर जागा उरली नाही. "हंगाम संपला की पहिलं काम तेच," असं तो रोज मला सांगायचा. मी विचारत नव्हते तरी सांगायचा. डॉर्सी दुकानात परत आला नाही, क्लबातही दिसला नाही. दोन मैल! गेलन पुढच्या गावाला नुसता स्क्रू आणायला जायचा, पण वाट वाकडी करून, डॉर्सीच्या दारावरून जायचं नाही म्हणून.

हंगाम सुरू होऊन तीन दिवस झाले होते. डॉर्सी सकाळी गुरांना वैरण घालायला गेला आणि गोठ्याच्या दारातच पडला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

अंत्यविधीनंतर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवण होतं. हॅम आणि शेंगांचा रस्सा, बिटात मुरवलेली लाल अंडी, नेहमीचंच. गेलनने ताट भरून घेतलं आणि एक घासही खाल्ला नाही. मला फार वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता. बैल गेला नि झोपा केला, आता तोंड पाडून काय उपयोग, असं ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून गिळलं.

जानेवारीत डॉर्सीची बायको वेल्मा आली. स्टुलांवर मर्ल होताच. तिने एका हातातलं गाठोडं गल्ल्यावर ठेवलं, दुसऱ्या हातातला पुठ्ठ्याचा खोका त्याच्याशेजारी ठेवला. खोक्याचं सील फोडलेलं नव्हतं आणि वर चिकटवलेली पावती मागच्या एप्रिलची होती.

"हे त्याच्या गाडीत सीटखाली सापडलं," ती म्हणाली. "मला विकायचंय सगळं. पण आधी सांग, गेलन, हे किट घेण्यात काही अर्थ होता का?"

तेच शब्द! गेलनने खोका पाहिला आणि त्याचा रंगच उडाला. मे महिन्यात डॉर्सी विचारायला आला तेव्हा त्याने ते आधीच विकत घेतलेलं होतं. बाहेर गाडीत होतं. त्याला फक्त गेलनकडून 'हो' हवं होतं.

"तो म्हणाला, गोळ्या महाग झाल्यात..." गेलन चाचरला.

"गोळ्या!" वेल्मा म्हणाली. "अरे, त्याला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नव्हती. वसंतापासून मीच लावत होते. बोटं वळायची नाहीत, मनगटात ताकद नाही. तुमच्या या स्टुलांसमोर तो ते सांगणार होता होय? त्यापेक्षा कंजूस म्हणवून घेतलं."

मर्ल स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

"तो घरी येऊन म्हणाला, गेलन म्हणतो, बाबांचं पिस्तूल बिघडेल. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला विचार. तर म्हणाला, कशाला? गेलनला कळतं." वेल्माने गाठोडं त्याच्यापुढे सरकवलं. "तर तू सांग. बिघडलं असतं?"

गेलनने गाठ सोडली. फडकं उलगडलं. पिस्तूल हातात घेऊन डावी बाजू उजेडाकडे केली. मी जवळ जाऊन पाहिलं. खिटीच्या खाली सांगाड्यावर वाकडी रेघ होती. खोल, जुनी, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

"ही... ही कुणी ओढली?"

"त्याच्या बापाने. युद्धात, अंधारात, घाईत जोडताना. डॉर्सी लहानपणी त्या रेघेवरून बोट फिरवायचा. तीच तर दाखवायची होती त्याला तुला. म्हणजे तू म्हणशील, आता काय बिघडायचं राहिलंय, बसव खुशाल."

गेलनने खोका उघडला, जुने भाग काढून बाजूला ठेवले, किट चढवलं. मी ओतलेली कॉफी अजून वाफाळत होती, तेवढ्यात झालंसुद्धा. कानस नाही, हातोडा नाही, कशाला ओरखडा नाही.

"नाही," तो म्हणाला. "बिघडलं नसतं. काहीच बिघडलं नसतं, वेल्मा. मी बघितलंच नाही. ही मंडळी हसत होती, आणि मला... मला बरं वाटत होतं." त्याचे डोळे भरून आले. "त्याचं मनगट मी मैदानावर पाहिलं. त्यानंतरही गेलो नाही. हंगामानंतर जाऊ म्हटलं."

तिने त्याला "असू दे" म्हटलं नाही. कशाला म्हणेल? मीही म्हटलं नाही. तिने पिस्तूल किटसकट परत फडक्यात बांधलं. "मग विकत नाही मी," म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून मूर्खाच्या रेघेचं कीर्तन बंद झालं. फेब्रुवारीत एक तरणा संग्राहक आजोबांचं पिस्तूल घेऊन आला, किट घेण्यात अर्थ आहे का म्हणून विचारायला. स्टुलं उत्तराची वाट बघत होती. गेलन म्हणाला, "आधी ते माझ्या हातात दे. आणि मग तुझा हात दाखव." पोराला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी वळून भांडी घासायला लागले.

यंदा स्मृतिदिनाला वेल्मा मैदानावर आली. तिने आयुष्यात कधी पिस्तूल उचललं नव्हतं. गेले दोन महिने म्हणे गोठ्यामागे डब्यांवर नेम धरून शिकत होती. पहिल्या चार गोळ्या गेल्या कुठं ते तिलाच ठाऊक. पाचवीला ताट वाजलं. मोठ्या गोळीचा घणघणाट नाही, चमचा कपाला लागावा एवढाच आवाज.

"लागली का?" मागून मर्ल म्हणाला. या वेळी तो टोमणा नव्हता. "ऐकू नाही आली."

"लागली," गेलन म्हणाला. "मी ऐकली." आणि त्याने पुकारलं, "रॉस वर्ट्स!"

टोप्या निघाल्या.

"थांब," वेल्मा म्हणाली. "आता हे पिस्तूल दुसऱ्याही गेलेल्या माणसाचं झालंय. त्याचंही पुकार."

गेलनने तोंड उघडलं, आवाज आला नाही. परत उघडलं. सगळं मैदान टोप्या हातात धरून उभं होतं. "डॉर्सी," एवढं निघालं. आडनाव पूर्ण करेपर्यंत मला वाटलं हा इथंच कोसळतो.

मग तो तिच्याकडे गेला. वेल्मा पिस्तूल फडक्यात गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"एवढंच करायचं होतं रे त्याला," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. एवढंच."