मोहाखालची काळी जमीन

चंद्रपूरकडच्या मूल गावचे गफ्फारभाई झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवीत. राजवाडा, तुरुंग, देऊळ, सारं त्यांच्या हातचं खपून जाई. १९९४च्या भाऊबीजेला मात्र एका गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, त्यांचा मोहाच्या झाडाचा पडदा उघडला आणि नायिका झाडाखाली रडत असताना पुढं बसलेल्या बाया पदर तोंडात कोंबून हसू लागल्या.

नाटक मंडळीचे मालक गुणवंतराव चिडले. "रडायच्या जागी लोक हसून राह्यले. पुढच्या भाऊबीजेले धड पडदा नाई दिला, तर नागपूरचा पेंटर आणतो, भाई."

गफ्फारभाईंना चूकच सापडेना. हिरवंगार झाड, फुलांनी लगडलेलं, खाली गवत. शेवटी सगळ्यांत मोठ्यानं हसलेल्या धुरपताबाईंनाच त्यांनी गाठलं.

"मोह पाह्यला हाये का तुमी कधी, भाऊ?"

"रोजच पाहतो, बाई. सडकेनं जाता-येता."

"सायकलवरून. फागुनात या. आता सांगून का फायदा?"

फाल्गुनात ते गेले. उजाडताना झाडाखाली उभे राहिले आणि ओशाळले. झाडावर पान नव्हतं. उघड्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस मान खाली घालून लोंबत होते. वेचायला सोपं जावं म्हणून बायांनी बुंध्याभोवतीचा पाचोळा जाळून टाकला होता, आणि त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी फुलं टपटपत होती. अशा झाडाखाली त्यांनी हिरवं गवत रंगवलं होतं.

रंगांची पेटी त्यांनी उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी धुरपताबाईंनी हातात टोपली दिली. "नुसते पाहून का राह्यले? वेचा."

वेचता वेचता त्यांना दिसू लागलं. पहाटेचं फूल टपोरं, ऊन चढलं की सुरकुततं. नऊ सकाळी अशा गेल्या. दहाव्या दिवशी त्यांनी कोळशाची पहिली रेघ ओढली.

पुढच्या भाऊबीजेला त्याच मंडईत पडदा उघडला. नायिका धावत येऊन झाडाखाली कोसळली. गफ्फारभाई विंगेतून फक्त बायांकडे पाहत होते. कोणी हसलं नाही. धुरपताबाई मात्र पुढं वाकून रागानं पुटपुटल्या, "पाहून चाल म्हणा तिले. फुलं तुडवून राह्यली."

शेजारणीनं डोळे पुसत त्यांना गप्प केलं.

गुणवंतरावांनी गफ्फारभाईंच्या पाठीवर हात ठेवला. "जमलं, भाई. आता नदीचा पडदा घ्या करायले."

"घेतो," गफ्फारभाई म्हणाले. "नदी कोणत्या महिन्यातली पाह्यजे?"