अय्याच्या दुकानात ओळख द्यायची नसते

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. काळ्या तलावावर अवसेला हडळ दिसते म्हणतात, तिथे मी पैज लावून बसलेलो आहे. दिसली ती कोणाची तरी चुकलेली म्हैस! तेव्हा वाचकहो, मला भाबडा समजू नका. हे झालं ते भर दुपारी, माणसांनी भरलेल्या दुकानात.

मी अर्जनवीस. कल्याणच्या कचेरीच्या ओट्यावर आम्हा लोकांची इतकी दाटी, की एकाची लेखणी दुसऱ्याच्या दौतीत. म्हणून मी स्टेशनासमोर अय्याच्या कॉफीच्या दुकानात बसून अर्ज लिहायचो. अय्या मद्रासकडचा. तिकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी त्याने दुकान घातलं, पण पितळी पेल्यातली ती काळी कडू कॉफी चढली गावातल्या लोकांनाच. आता दुकानात बसून पिणं म्हणजे धर्म बुडाला! कळलं तर प्रायश्चित्त, नाहीतर वाळीत. म्हणून तिथला एक नियम होता, कोणी न केलेला पण सगळ्यांनी पाळलेला — आत कोणी कोणाला ओळखत नाही. शेजारी सख्खा मामा बसला तरी नजर पेल्यात. उद्या कोणी विचारलं तर खुशाल म्हणावं, मी नाही बुवा कोणाला पाहिलं.

माझे संस्कृतचे शास्त्रीबुवा समोर फुर्र फुर्र करून प्यायचे आणि संध्याकाळी देवळात आम्हालाच ऐकवायचे, हॉटेलं म्हणजे कलियुग! मला हसू आवरत नसे. लोकांकडे बघण्यात माझे अर्धे अर्ज चुकायचे.

पण त्या पौषात मी गंमत म्हणून बघत नव्हतो. माझी धाकटी बहीण यमू गावातच दिलेली. तिचे यजमान दिनकरराव इगतपुरीच्या पलीकडे एका स्टेशनावर तारमास्तर. तिकडे पटकीची साथ आली आणि त्यांची खबरबात बंद झाली. आईने देव पाण्यात घातले. यमू नुसती आमच्या उंबऱ्यात येऊन उभी राहायची. मी दाराकडे तोंड करून बसायला लागलो. नाशिककडची गाडी आली की उतरणारा प्रत्येक चेहरा न्याहाळायचा, आणि मग पुढचे दोन तास जिवाला चैन नाही.

आणि एका दुपारी ते आले की हो!

मी मानपाड्याच्या एका कुणब्याचा बांधाचा अर्ज लिहीत होतो. मान वर केली तर दिनकरराव आत येत होते. तोच काळा कोट, तीच डावीकडे कललेली पगडी. कोपऱ्यातल्या बाकावर बसले. हाक अगदी ओठांवर आली. पण दुसऱ्या बाजूला त्यांचे चुलते तात्या बसलेले — यमूच्या घरातले कर्ते, सोवळ्याओवळ्याचे कडक. हाक मारली असती तर तात्यांची अब्रू गेली असती. म्हटलं, पिऊन बाहेर येऊ देत, रस्त्यात मिठी मारू.

दिनकररावांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली, डोक्यावरून सावकाश हात फिरवला आणि मान हलवली — नको, नको.

मला वाटलं, सांगतायत की ओळख देऊ नकोस. मीही मुकाट मान डोलावली. शाई सुकावी म्हणून कागदावर वाळू टाकायला खाली बघितलं, आणि परत वर बघतो तर कोपरा रिकामा. बाकावर पेला तसाच, काठोकाठ भरलेला.

"अय्या, ते गेले कुठे?"

"कोण स्वामी? कोणी बसला असं वाटला, म्हणून पेला ठेवला. वळून बघतो तर कोणी नाय."

मी धावत यमूकडे गेलो. दिनकरराव आले म्हणून ओरडलो! ती रडली, हसली, चुलीवर आधण ठेवलं. संध्याकाळ झाली, कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्टेशनावरचा एक सोबती आला. दिनकरराव आदल्या आठवड्यातच पटकीने गेले होते, तिकडेच अग्नी दिला. त्यांची पगडी त्याने फडक्यात बांधून आणली होती. तीच ती, काल मांडीवर ठेवलेली.

दहाव्या दिवशी न्हावी बोलावला. यमू सतरा वर्षांची, कमरेखाली केस. तिने मागल्या दाराची कडी लावून घेतली आणि आतून एवढंच म्हणाली, "दादा, तू सांग ना रे त्यांना."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो हात... ती मान... नको म्हणाले ते मला नव्हतंच! मी ओसरीवर सगळं सांगितलं. भटजी म्हणाले, "अर्जनवीस, खोटे अर्ज कचेरीत लिहा. साक्षीदार कोण?" साक्षीदार समोरच बसला होता. पण नाव कसं घेणार? न्हाव्याने वस्तरा परजायला घेतला. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी साक्षीदार," तात्या म्हणाले. "अय्याच्या दुकानात मी होतो. रोज असतो. त्याने पगडी काढून नको म्हटलं. न्हाव्याला परत पाठवा."

तात्यांना पंचगव्य घ्यावं लागलं, दोन घरांनी पंगत तोडली. यमूचे केस राहिले.

पुढे एकदा मी तात्यांना एकटं गाठून विचारलं, "तुम्हाला कसे दिसले हो, थकलेले?"

"अरे, मी कोपऱ्याकडे पाठ करून बसलो होतो," तात्या म्हणाले. "तू पाहिलंस ना? झालं तर."

झालं कसं! म्हणजे पाहिलं ते मी एकट्यानेच. पगडी फडक्यात होती तर डोक्यावर कोणती होती? अय्याला कोण बसल्यासारखं वाटलं? मला अजून उलगडा नाही, आणि तुमच्यापैकी कोणाला झाला तर जरूर कळवा. मी अजून तिथेच बसतो, पण आता नियम पाळत नाही. कोणीही आत आलं की मोठ्याने "या, बसा" म्हणतो. शास्त्रीबुवांना ठसका लागतो, लागू दे.

यमू संध्याकाळी वेणी घालताना मधूनच विचारते, "दादा, कॉफी तरी प्याले ना रे ते?"

"प्याले की," मी म्हणतो. "सगळी प्याले."