पाखरांनी पेरलेली मिरची

सत्तरच्या दशकात दर उन्हाळ्यात मी वर्षाची मिरची आणण्यासाठी संकेश्वरच्या बाजारास जात असे. तेथे एका बाईंकडूनच मी ती घेई. त्यांचे नाव कधी विचारले नाही. मी आक्का म्हणे. मिरची कानाशी हलवून बी खुळखुळले, तरच त्या ती तागडीत टाकीत.

एकदा मी म्हणालो, "आक्का, एवढ्या सुंदर फळात देवाने आग का घातली असेल?"

"बी जगावं म्हणून, गुरुजी. उंदीर बी चावून मारतो, म्हणून त्येचं तोंड भाजतं. पाखराला तिखट लागत न्हाय. ते गिळतं आणि बी लांब न्हेऊन टाकतं." मग हसून म्हणाल्या, "माणूस तेवढा डोळं पुसत परत मागतो!"

एका पावसाळ्यात त्यांच्या आईने दिलेले सारे बियाणे कुजले. पुढच्या उन्हाळ्यात मिरची तोलताना त्यांनी ती कानाशी धरलीच नाही. "हे दुसऱ्याचं बी, गुरुजी. आईची चव गेली बघा."

त्यानंतर टिळकवाडीतील माझ्या अंगणात पारिजातकाखाली मिरचीचे रोप उगवले. आक्कांची जुनी मिरची मी तेथेच वाळवीत असे, आणि बुलबुल ती टिपत. लाल फळे रुमालात बांधून मी संकेश्वरला गेलो. त्यांची जागा रिकामी होती.

"आक्का कुठे गेल्या?" मी शेजारणीला विचारले.

"कंची आक्का? हितं समद्या आक्काच की, गुरुजी."

ती फळे मी पाखरांसाठी पारिजातकाखाली परत ठेवली. बुलबुल उत्तरेला, संकेश्वरच्या दिशेने उडाला की अजून माझे हात जोडले जातात.