नसरीनने घातलेली ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगणार तरी काय — की मी अंडरस्कोर मोजत बसलो, आणि तिकडे लोकांच्या मोटरी जळत राहिल्या?

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. विहिरीत पाणी नसेल तर मोटर सुरूच होऊ न देणारा डबा आम्ही बनवतो. विहिरीत सेन्सर असतो. त्याचं म्हणणं डब्याला समजावणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझा. त्यात कुणी काही बदललं, तर ते माझ्या तपासणीतून जाणार.

नसरीन आमच्याकडे नवी इंजिनिअर. दारव्ह्याची; वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींची तार नव्यानं गुंडाळून देण्याचं दुकान. आमचा डबा लावलेल्या मोटरीही तिथं जळून येतात, हे तिनं पाहिलं. आम्ही तर सगळं व्होल्टेजवर ढकलून मोकळे. तिनं शोधून काढलं — लाईट आली की सेन्सर जागा व्हायला जरा वेळ लागतो, आणि माझा ड्रायव्हर त्याआधीच त्याला विचारतो. उत्तर चुकीचं येतं: पाणी आहे. मोटर कोरडीच फिरते आणि जळते. तिनं ड्रायव्हरला थोडं थांबायला लावणारी एक ओळ घातली आणि माझ्याकडे पाठवली.

वाचताक्षणी कळलं. चूक माझी होती. मग मी काय केलं? सांगतानाही स्वतःची किळस येते. मी लिहिलं — व्हेरिएबलचं, म्हणजे प्रोग्राममध्ये आकडा साठवायच्या खणाचं, नाव फार लांब आहे. तिनं छोटं केलं. मी लिहिलं — आता अर्थ कळत नाही. मग मोकळ्या जागा, मग कंस, मग नावातले शब्द जोडणारी खालची रेघ, अंडरस्कोर. नियम सगळे खरे होते बरं का! म्हणून तर त्यांच्या आड लपता आलं. त्या ओळीबद्दल मात्र अवाक्षर नाही.

एकदा ती टेबलापाशी आली. "सर, नावं तुम्ही म्हनसान ते ठेवते. पन पयले ते ओळ तं पाहा ना. अब्बाकडे अजून मोटरी येऊन राह्यल्या."

"पयले नीट लिहाले शिक," मी तिच्या बोलीची नक्कल करत म्हणालो. सगळ्यांसमोर. कुणीतरी हसलं.

काही दिवसांनी ती नोकरी सोडून गेली. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, पोरीचं काम गबाळं होतं. गबाळं! — आणि तीच ओळ मी माझ्या नावावर घातली. साहेबांनी पाठ थोपटली, मी थोपटून घेतली. कसला माणूस आहे मी?

पुढं तिचा फोन आला. "सर, आपल्या डब्याच्या मोटरी आता येत नाहीत अब्बाकडे. माही ओळ घेतली का?"

"नाही," मी म्हणालो. "दुसरंच होतं काहीतरी. मी केलं दुरुस्त."



"म्हंजे माहंच चुकलं होतं," ती म्हणाली. "बरं झालं सर, मोटरी तं वाचल्या."

मी हो म्हणालो.