जावयांचा रुमाल
शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासासरशी मला आत्याचे पुण्याचे जावई आठवतात. बायकोला घेऊन दोन दिवस भिवंडी बघायला आले होते. इथे काय बघावं हे फोनवर शोधून आलेले, आणि काही सापडलं नाही याचा राग आमच्यावर. खाडी दाखवली तर म्हणाले, वास मारतो. बाजारात नेलं तर म्हणाले, किती ही गर्दी. मटण मात्र तीनदा मागून घेतलं. शेवटी बाबांनी त्यांना आमच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये नेलं. आत कान फाटेल असा खडखडाट, तेलाचा उग्र वास आणि कारागिरांच्या केसांवर कापसाची पांढरी धूळ. जावयांनी नाकाला रुमाल लावला. मग तो खाली घेऊन बायकोला म्हणाले, "असल्या खुराड्यात माणसं राहतात तरी कशी?" एवढ्या आवाजात कोणाला ऐकू जाणार, असं वाटलं असावं शहाण्याला. पण लूमवर कानांनी कोणी ऐकतच नाही. तिथे जन्म काढलेली माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात. सगळ्यांना कळलं. बाबांनीही आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "जावई, रुमाल नाकाला न्हाय, तोंडाला लावा." अख्खी शेड हसली. जावईही हसले आणि पुढाऱ्यासारखा सगळ्यांना नमस्कार करत फिरले. परवा एका लग्नात दिसले. बँड दणाणत होता आणि मांडवाच्या पार पलीकडच्या टोकाला ते कोणाला तरी सांगत होते, "भिवंडीत बघण्यासारखं काही नाही हो, पण माणसं प्रेमळ. मला बघून किती खूश झाली होती!" मला एक अक्षर ऐकू आलं नाही. गरजही नव्हती.