मिस्त्रीमामा आणि मोडकी खेळणी

"आधी मी बसून बघतो," असं म्हणून मिस्त्री लाकडी घोड्यावर बसले आणि घोड्याचे चारही पाय चार दिशांना गेले. शेवगावचा भर बाजार, मिस्त्री जमिनीवर, बुडाखाली घोडा आणि सुतारानं डोक्याला हात लावलेला. मिस्त्री उठले, धोतर झाडलं आणि समाधानानं मला म्हणाले, "बरं झालं मास्तर, पोरगं बसलं न्हाई."

पोरगं म्हणजे माझा गोपू. वय अडीच वर्षं, अंगानं पाप्याचं पितर. त्याच्या वजनाला तो घोडा जन्मभर पुरला असता. पण हे मिस्त्रींना सांगणार कोण?

मिस्त्री सरकारी रस्त्यांच्या कामावर होते. मूळचे खर्ड्याचे, शेतकरी घरातले, वडील आबा तिकडेच शेती बघत. अंगानं चांगले आडदांड. मिशा एवढ्या भरघोस की बोलताना आधी त्या हलायच्या, शब्द मागून यायचे. आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. पाथर्डीच्या रस्त्याला नवी मोरी बांधून झाली की वरून रोलर फिरताना हे गृहस्थ खाली मोरीत जाऊन उभे राहायचे. हा काय वेडेपणा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "उद्या हितून कुनाचं तरी पोर जानार. आधी मी उभा ऱ्हातो." तीच तपासणी ते खेळण्यांना लावत.

माझ्या बायकोला भाऊ नाही, मिस्त्रींना बहीण नाही. एका भाऊबीजेला ते नवी टोपी घालून आले, आपणहून पाट मांडला, त्यावर बसले आणि म्हणाले, "ताई, ओवाळा." हिनं ओवाळलं. त्या दिवसापासून ते गोपूचे मामा झाले.

आता जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमचं कार्टं कुणाच्याच मांडीवर बसत नसे. डोळे उघडले की पळत सुटायचं ते डोळे मिटेपर्यंत. रांजणात पडून झालं होतं, उखळात अडकून झालं होतं, शेजारच्या म्हशीच्या शेपटीला लोंबकळूनही झालं होतं. जावळाच्या पहिल्या मुहूर्ताला तो मिस्त्रींच्या मांडीवरून असा सटकला की न्हाव्याच्या हातात वस्तरा आणि मिस्त्रींच्या हातात नुसतं झबलं राहिलं.

माझी आई वैतागली. पुढच्या गुरुवारी जमलं नाही तर नगरहून सुनेच्या चुलतभावाला बोलावू, तो नात्यातला तरी आहे, असं तिनं सांगून टाकलं. मिस्त्रींनी झबल्याची घडी करून पाटावर ठेवली आणि ते निघून गेले. त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला आले नाहीत, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून, पोराला पाव तास जागेवर बसवील अशा खेळण्याचा शोध सुरू झाला. लढाईमुळे चावीची परदेशी खेळणी बाजारातून गायब झाली होती, म्हणजे जे काही मिळेल ते इथलंच. घोड्याचं सांगितलंच. मग पिपाणी. ती वाजते का हे बघायला त्यांनी इतक्या जोरानं फुंकली की तिची जिभली उडाली ती थेट समोरच्या दुकानातल्या गुळात. मातीचा बैल कंबरेएवढ्या उंचीवरून टाकून पाहिला. अर्थात फुटला. दुसरा गुडघ्याच्या उंचीवरून टाकला, तोही फुटला. खुळखुळा त्यांनी मैलाच्या दगडावर आपटला. पांगुळगाड्यावर एक पाय देऊन जोर लावला, तर गाडा त्यांना घेऊन उतारानं निघाला. वाटेत कुंभाराची उतरंड होती. पुढचं विचारू नका.

गोपूला मात्र या सगळ्याचा भलताच आनंद. रोज संध्याकाळी मामा आज काय मोडून आणतो ते बघायला तो दारात उभा असायचा. तुकडे घ्यायचा, टाळ्या पिटायचा आणि पळायचा. बसायचं नाव नाही.

गुरुवारी सकाळी न्हावी आला तेव्हा मिस्त्री मोकळ्या हातांनी उभे होते. चेहरा पार उतरलेला. गोपू न्हाव्याची पेटी बघून माळ्याच्या शिडीवर चढून बसला होता. मिस्त्रींनी शिडीकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि न्हाव्यासमोर बसले.

"आधी माझी कर," ते म्हणाले.

आई मोठ्यानं ओरडली, अहो, वडील जिवंत असताना हे काय अभद्र. मिस्त्री ऐकतात होय. वस्तरा चालू झाला. गोपू एक पायरी उतरला, मग दुसरी. डोकं गुळगुळीत झालं तेव्हा तो अगदी जवळ येऊन, तोंडात बोट घालून उभा होता. वस्तरा थांबला तसा त्यानं पळायला पाय उचलला.

"मिशीपन काढ," मिस्त्री घाईनं म्हणाले.

न्हाव्यानं एकदा आईकडे बघितलं आणि वस्तरा टेकवला. मिशी गेली. गोपू मामाच्या मांडीवर चढला, दोन्ही हातांनी त्या गोट्यावर तबला वाजवू लागला आणि खदखदा हसत सुटला. मिस्त्री मान खाली घालून बसले आणि न्हाव्यानं पाव तासात जावळ उरकलं. आईनं आपणहून मिस्त्रींच्या हातावर पेढा ठेवला.

पुढचा गोंधळ तुम्ही ओळखला असेल. मिस्त्री संध्याकाळी बाजारात गेले तर लोक बोलायचे थांबले. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी "आबा चांगले होते हो" म्हणून डोळे पुसले. मिस्त्री सांगत सुटले, पण दुःखानं बिचाऱ्याला भ्रम झाला, असं लोकांनी ठरवलं. बातमी खर्ड्यापर्यंत पोचली आणि चौथ्या दिवशी सर्व्हिस मोटारीतून खुद्द आबा उतरले. काठी आपटत आमच्या ओट्यावर आले आणि लेकाला नीट न्याहाळलं.

"मी तर जिता हाय. मग मिशी कुनासाठी काढली?"

"भाच्यासाठी, आबा."

"आन् मी गेल्यावर काय काढशील?"

"मिशी वाढूस्तवर जाऊ नका, म्हंजी झालं."

आबा एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग माझ्या बायकोला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हंजी मला लेक हाय म्हना की." ही आत जाऊन रडून आली.

महिन्याभरात मिस्त्रींची बदली जामखेडकडे झाली. मिशीचे तेव्हा नुसते खुंट आले होते. त्यांच्या जागी आलेले मिस्त्री खोली बघायला आमच्याकडे आले. वयस्कर, सज्जन आणि जन्माचे टकले. ते ओट्यावर चहा घेत बसले होते. गोपू मागून धावत आला आणि त्यानं त्यांच्या डोक्यावर दोन्ही हातांनी थाप मारली. मग मोठ्या आशेनं पुढे येऊन तोंड बघितलं आणि भोकाड पसरलं.

"माझं काही चुकलं का?" त्या भल्या माणसानं घाबरून मला विचारलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मलाही त्यांच्याशी धड बोलता येईना.