टपरीवरची तगडी अक्षरं

गेल्या वर्षी बायकोनं शेतातली हळद घरीच दळून विकायचं ठरवलं. कळमनुरीच्या रस्त्याला, आमच्या फाट्यावर पत्र्याची टपरी टाकली, आत चक्की बसवली. माझे थोरले भाऊ म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. गिऱ्हाईक न्हाई आलं तर चक्की परत."

"व्हय, दादा," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं कोरी करकरीत चक्कीसुद्धा पुन्हा पुन्हा पुसली.

बोर्डाचं काम माझ्याकडं आलं. माझं अक्षर मलाच वाचता येत नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या अक्षरांबद्दल माझी मतं पक्की आहेत. फ्लेक्सवाल्यानं पडद्यावर बरीच वळणं दाखवली. नाजूक, लफ्फेदार, लग्नपत्रिकेतली. मग एक आलं आणि मी खुर्ची पुढं ओढली. काय ते अंग! वरची रेघ तुळईसारखी, काना खांबासारखा, आणि 'ह' तर पंगतीत दोघांची जागा अडवून बसल्यासारखा.

"हेच पाहिजे," मी म्हणालो.

पण आमच्याकडं बोर्ड म्हटला की शुभेच्छुक आलेच. थोरल्यांचं नाव घातलं की धाकट्याचं, मग मेहुण्यांचं, मग साडूचं. एकाचं जाड आणि दुसऱ्याचं बारीक केलं तर पुढच्या कार्याला कोण येणार? सगळी नावं त्याच तगड्या अक्षरांत बसवली.

"काका, लई दाटून राहिलं," फ्लेक्सवाला म्हणाला.

"बसव रे. आपलीच माणसं हायेत."

बोर्ड लागला. गाड्या हळू व्हायच्या, माना वळायच्या, गाड्या निघून जायच्या. शेवटी एक मोटारसायकलवाला थांबला. बायको लगबगीनं उठली. त्यानं विचारलं, "मावशी, वाढदिवस कुणाचा हाय?"

तो गेल्यावर ती रस्ता ओलांडून पलीकडं उभी राहिली. "अहो, इकडं या." गेलो. तिथून बघितलं तर 'ळ'ची भोकं बुजलेली, मात्रा एकमेकींच्या अंगावर, आणि सगळे नातेवाईक मिळून एक काळी भिंत.

"हळद कुठंय?"

"ती काय, साडूच्या खाली."

"मंग गिऱ्हाइकानं आधी साडूला भेटून यावं व्हय? एकच शब्द ठेवा."

"आणि नावं?"

"नावं काहून? हळद न्या म्हणावं त्यांना. नाव काय भाजीत टाकतेत?"

नवा बोर्ड लागला. पिवळ्यावर काळा एकच शब्द, चारी बाजूंनी मोकळा. तीच अक्षरं, पण आता ती ऐसपैस बसली होती आणि लांबच्या वळणावरूनच हाक मारत होती. भीती होती ती थोरल्यांची. ते आले, बराच वेळ वर बघत राहिले.

"माझं नाव काढलंस?"

आतून बायको म्हणाली, "दादा, नाव ठेवलं तर लोकं भाव तुमालाच इचारतील."

ते काही बोलणार इतक्यात नांदेडकडून आलेल्या जीपनं ब्रेक मारला. एक बाई उतरल्या. "घरची हाय का हळद?"

"घरचीच!" बायकोच्या आधी थोरले बोलले. "हातावर घ्या, वास बघा. भेसळीचं काम न्हाई आमच्यात." आणि स्वतःच तराजू काढायला आत शिरले.

दिवाळी होऊन गेली. चक्की अजून फिरते आहे, आणि थोरले सकाळी चहा झाला की टपरीवर जाऊन बसतात. भावही तेच सांगतात.